धाकटीची ओंजळ

मित्रांनो, चादर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पलंग येईल. पण मी पलंगावरची चादर नाही. चर्चमध्ये पुढे एक उंच लाकडी मेज असतं, त्याला वेदी म्हणतात. प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत घेतात ती भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला तिथे ठेवतात. त्या लाकडाच्या आणि त्या भाकरीच्या मध्ये मी असते. आता मी जुनी झाले आहे, मधोमध मला रफू केलेलं आहे, तरी माझ्या जागेचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझं कापड लिननचं. नवी होते तेव्हा इतकी ताठ की घडी घालायला दोन माणसं लागत. ज्यांनी मला शिवलं त्या बाई एका शाळेत मुलींना शिवणकाम शिकवत, म्हणून सगळे त्यांना शिवणबाई म्हणत. त्यांनी माझ्या चारही कडा हाताने दुमडल्या. चार कोपऱ्यांत चार आणि मध्यभागी एक असे क्रूस काढले, तेही पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने. "हे कुणाला दिसणार?" असं त्यांच्या नवऱ्याने विचारलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "जवळ येईल त्याला दिसेल."

आमच्या चर्चला घुमट नाही, मनोराही नाही. पूर्वी तिथे लाकडाची वखार होती, आणि दमट दिवसांत भिंतींना अजून भुशाचा वास येतो. बाहेर साधी पाटी आहे, 'लूथरन मंडळी'. लूथरन हा आमचा ख्रिस्ती पंथ, आणि मंडळी म्हणजे तिथे उपासनेला जमणारी माणसं. अशा जागी मी कितीतरी वर्षं मानाने राहिले. शिवणबाई मला घरी नेत, स्वतः धूत आणि ओलसर असतानाच इस्त्री करत.

मग त्यांची बोटं आखडली, नजर मंदावली. कुणीतरी चर्चला एक चकचकीत कापड भेट दिलं. त्याला इस्त्री लागत नव्हती, आणि आजकाल इस्त्री न लागणं हा फार मोठा गुण समजला जातो. मी कपाटाच्या तळाशी गेले. घड्यांवर पिवळ्या रेघा पडल्या, द्राक्षारसाचा एक डाग तपकिरी होऊन बसला. एकदा तर भिंती रंगवताना मला वाजवायच्या पेटीवर टाकलं होतं, रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून. मित्रांनो, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

पुढे मंडळीला नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, मिळाले. तरुण होते, उंच होते, थोडे धांदरट होते. कपाट आवरताना मी त्यांच्या हाती लागले. त्यांनी मला उजेडात धरलं, क्रूसांवरून बोट फिरवलं आणि तशीच काखेत मारून कोपऱ्यावरच्या लाँड्रीत नेलं.

ती लाँड्री दोन बहिणींची होती. वडिलांनी सुरू केली आणि त्यांच्यामागे मुलींनी चालवली. दोघींनी लग्नं केली नव्हती. वरच्या मजल्यावर राहायचं, खाली काम करायचं. ताई गिऱ्हाईक आणि इस्त्री सांभाळायची, धाकटी धुलाई आणि डाग. दिवसभर वाफ, साबणाचा वास, आणि दवाखान्याच्या चादरींचे ढीग.

धाकटीने मला खिडकीशी नेलं आणि म्हणाली, "ताई, हे बघ. कुणीतरी डोळे फोडून केलंय."

"चर्चचं दिसतंय," ताई म्हणाली. "नीट धू. वरून बघत असतील."

त्या घरात देवाचं नाव फक्त थट्टेत निघायचं. वडील कडक माणूस होते. कुणापुढे हात जोडायचे नाहीत, कुणाचं फुकट घ्यायचं नाही, ज्याचं त्याने निस्तरायचं, एवढाच त्यांचा धर्म होता. मुलींनी तो मनापासून पाळला होता.

धाकटीने मला घंगाळावर ताणून बांधलं आणि उंचावरून कढत पाण्याची धार सोडली. मग भिजवलं, उन्हात टाकलं, पुन्हा भिजवलं. डाग जाऊन नुसती सावली उरली. ओलसर असतानाच तिने मला इस्त्री केली आणि पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलं. पाळक पुन्हा घडी घालतील अशी तिला खात्री होती, म्हणून ती स्वतःच मला पोचवायला निघाली.

शनिवारची संध्याकाळ होती. गाण्याचा सराव चालला होता. पेटीवर बसवाले काका होते. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस, पायपेटीचा भाता असा दाबायचे की जणू चढाला लागले आहेत. धाकटीने मला वेदीवर अंथरलं, मेणबत्त्यांखाली ताटल्या ठेवायला लावल्या आणि त्या नीट ठेवतात की नाही हे बघायला मागच्या बाकावर टेकली. चार निरनिराळे आवाज चार वाटांनी निघाले आणि एकाच जागी येऊन भेटले. तिचं ताटल्यांवरचं लक्ष उडालं.

"बाई, तुमचा आवाज खालच्या पट्टीतला आहे," काका म्हणाले. "आम्हाला तोच कमी पडतोय."

"मला गाता येत नाही."

"मलाही येत नाही. म्हणून तर वाजवतो."

ती हसली. मित्रांनो, तेव्हापासून मी दर शनिवारी स्वच्छ होऊन येऊ लागले आणि माझ्यासोबत ती. पाटीवरचं 'लूथरन' हे घरमालकाचं आडनाव असेल असं तिला कितीतरी दिवस वाटत होतं, हे तिने नंतर स्वतःच सांगितलं आणि मंडळी पोट धरून हसली.

एकदा सराव संपल्यावर ती माझी कड सारखी करत होती. पाळक दिवे मालवत होते.

"पाळकसाहेब, एक विचारू? रोज दुकान बंद करताना मला वाटतं, आज पुरेसं झालं नाही. काम सगळं उरकलेलं असतं. तरी वाटतं. लहानपणापासून वाटतं. तुमच्याकडे ह्यावर काही आहे?"

पाळक थांबले. "आमच्याकडे तेवढंच आहे," ते म्हणाले. "देवापुढे तुम्हाला काही पुरं करून दाखवायचं नाही. जे करायला हवं होतं ते ख्रिस्ताने केलं. तुमच्यासाठी, तुमच्याही आधी."

"मग मी काय करायचं?"

"घ्यायचं."

"फुकट?"

"हो. त्यालाच आम्ही कृपा म्हणतो."

धाकटीचा चेहरा उतरला. "आमच्या घरात फुकट घ्यायची रीत नाही," असं म्हणून ती निघून गेली.

त्यानंतर बरेच शनिवार मला लाँड्रीचा गाडीवाला पोचवायचा, तोही घडी घालून. मला वाटलं, झालं, संपलं. पण एका रविवारी उपासना चालू असताना दार उघडलं. धाकटी आत आली, ॲप्रन तसाच, बाह्या वर केलेल्या. सगळं संपेपर्यंत ती भिंतीशी उभी राहिली. मग पाळकांना म्हणाली, "मला घेता येत नाही. शिकवाल का?"

पाळकांनी तिला शिकवायला घेतलं. शिवणबाईंच्या घरी बसून ती विश्वासाचे धडे गिरवू लागली. प्रश्न इतके विचारायची की पाळक कधीकधी सांगत, "हे मी पुढच्या वेळी वाचून येतो." बाप्तिस्म्याच्या वेळी तिच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या धर्ममाता व्हायला शिवणबाई तयार झाल्या.

हे ताईला सांगणं मात्र बाकी होतं. ज्या दिवशी तिने सांगितलं त्या दिवशी मी दुकानात इस्त्रीच्या मेजावर होते. दोघी बहिणी दवाखान्याची चादर घडी करत होत्या, एक टोक हिच्या हातात, एक तिच्या.

"मी बाप्तिस्मा घेतेय," धाकटी म्हणाली.

ताईने हातातलं टोक सोडलं नाही. "बाबांनी जन्मात कुणापुढे हात जोडले नाहीत."

"मला माहीत आहे."

"तुला इथे काय कमी होतं?"

"कमी काही नव्हतं, ताई. मी दमले होते."

"दमलीस तर एक दिवस झोप काढायची. देव कशाला लागतो?" ताईचा आवाज एकदम खाली आला. "उद्या तू त्यांची होशील. मग माझं कोण?"

ताईने टोक मेजावर ठेवलं आणि तेव्हापासून ती मोठमोठ्या चादरीसुद्धा एकटीच घडी करू लागली, मेजाच्या कडेला हनुवटीने दाबून. कामाचं बोलणं तेवढं राहिलं.

बाप्तिस्म्याच्या दिवशी ताई आली नाही. धाकटीने दोनदा दाराकडे पाहिलं, ते मी पाहिलं. पाळकांनी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. जिचे हात उभा जन्म पाण्यात गेले तिला पाण्याचं काय नवल, असं तुम्ही म्हणाल. पण तिने ते पाणी पुसलं नाही. मग सगळी मंडळी उभी राहिली आणि एका आवाजात म्हणाली, हिला आम्ही आपल्यात घेतो, हिला सांभाळू.

त्यानंतर ती पहिल्या प्रभुभोजनासाठी माझ्यासमोर गुडघे टेकून बसली. शिवणबाईंनी सांगितलं होतं तशी तिने ओंजळ पुढे केली. सोड्याने भेगाळलेले, गरम पाण्याने लाल झालेले ते हात नेहमी काहीतरी उचलत, पिळत, झटकत असायचे. त्या दिवशी ते उघडे होते आणि रिकामे होते. पाळकांनी त्यात भाकरीचा तुकडा ठेवला आणि म्हणाले, "तुझ्यासाठी." तिने ओंजळ मिटली. मित्रांनो, ती भाकर माझ्यावरून उचलली गेली होती. माझ्या आयुष्यात माझा याहून मोठा सन्मान झालेला नाही.

त्यानंतर हिवाळ्यात दुकानाच्या मागच्या दाराशी साबणाच्या पाण्यावरून ताई घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. मी त्या आठवड्यात धुवायला दुकानातच होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. धाकटी दवाखान्यात जायची, परत येऊन यंत्रं लावायची, पुन्हा जायची. चादरींचे ढीग छताला भिडायला निघाले. तिने कुणाला काही कळवलं नाही. मागायची सवयच नव्हती.

सरावाला का आली नाही म्हणून बसवाले काका विचारायला आले. धाकटी इस्त्रीच्या यंत्राला टेकून उभ्या उभ्या पेंगत होती. काकांनी तिला खुर्चीत बसवलं, कोट काढून खुंटीला लावला आणि बाह्या दुमडल्या.

"काका, तुम्ही कशाला?"

"बाप्तिस्म्याला आम्ही उभं राहून काय म्हणालो? सांभाळू म्हणालो. ते काय गाणं होतं, चाल चांगली म्हणून म्हटलं?"

दुसऱ्या दिवसापासून दुकान भरून गेलं. गाणारी माणसं चादरी वाळत घालत होती, पाळक ढीग उचलत होते, शिवणबाई खुर्चीवर बसून सुटलेल्या कडा टाचत होत्या. नजर नव्हती, पण बोटांना आठवत होतं. दवाखान्याच्या चादरींचा एकही दिवस खाडा झाला नाही. मंडळी काम करता करता गात होती, आणि वाफेने भरलेल्या त्या खोलीत मला वेदीवर असल्यासारखं वाटत होतं.

ताई चालताना आधाराला धरायची चौकट, म्हणजे वॉकर, टेकत घरी आली तेव्हा हे सगळं चालू होतं. ती दारातच थबकली.

"मला कुणाचे उपकार नकोत," ती म्हणाली. गाणं थांबलं.

शिवणबाईंनी सुई खाली ठेवली. "उपकार नाहीत हो. तुमची बहीण आता आमची बहीण आहे. मग तुम्ही आमच्या कोण झालात, ते तुम्हीच सांगा."

ताई खुर्चीत बसून सगळ्यांकडे बघत राहिली. समोर पाळक एका भल्यामोठ्या चादरीत गुरफटले होते, त्यांचं नुसतं डोकं दिसत होतं. ताईला ते बघवेना.

"साहेब, कोपऱ्याला कोपरा लावा. आधी झटका. अहो, तुम्ही तिला झोपवताय का घडी घालताय?"

संध्याकाळपर्यंत तिने सगळ्यांना कामाला लावलं होतं आणि काकांना दोनदा झापलं होतं. सगळे गेल्यावर दोघी बहिणी दिवा लावून बसल्या. ताई म्हणाली, "तुझी माणसं कामाला अगदी वाईट आहेत."

"हो," धाकटी म्हणाली.

"पण येतात."

वसंतात, ताईची चौकट सुटून हातात काठी आली त्या सुमारास, एका रविवारी उपासना अर्ध्यावर असताना चर्चचं दार करकरलं. ताई उभी होती. "मी बहिणीला न्यायला आलेय," ती कुणी न विचारताच म्हणाली. "बाहेर वारा आहे." कुणी मागे वळून टक लावली नाही, कुणी धावत स्वागतालाही गेलं नाही. शिवणबाई तेवढ्या बाकावर भिंतीकडे थोड्या सरकल्या. त्या सरकल्या म्हणून प्रवचनापुरते पेटीवरून उठून शेजारी बसलेले काका सरकले, काका सरकले म्हणून धाकटी सरकली, आणि धाकटीशेजारी एका माणसापुरती जागा झाली. ताईने त्या जागेकडे पाहिलं, काठी बाकाला टेकवली आणि बसली. तिने गाणं म्हटलं नाही, हातही जोडले नाहीत. धाकटीने गीतांचं पुस्तक दोघींना दिसेल असं मध्ये धरलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं कापड असेल तर त्याला कपाटाच्या तळाशी कोंडू नका. अधूनमधून ऊन दाखवा, घडी बदला, फाटलं तर रफू करा. कापडाला तेवढं पुरतं. आणि तुम्ही बसला आहात तिथे कुणी नवं माणूस दारात येऊन उभं राहिलं, तर ते कशासाठी आलंय हे विचारत बसू नका. सरकून बसा.