ढिगाबाहेरचा गोलकीपर

शिंप्याच्या जिवाला एकच घोर होता, आणि तो होता गोलकीपरच्या जागेचा. मित्रमंडळींचा कायदाच तसा होता. पावसात जो पहिला मैदान सोडून पळेल, त्याने पुढचा कोणी पळेपर्यंत गोलमध्ये उभं राहायचं. गेल्या पावसाळ्यात दुकानाची खिडकी उघडी राहिली म्हणून हा शहाणा धावत सुटला. झालं! तेव्हापासून जो अडकला तो अडकलाच.

आता कोणी म्हणेल, त्यात काय एवढं? अहो, गोदामामागचं मैदान ते केवढं, गोल तिथे एकच, आणि सगळी गंमत त्याच्यापुढच्या चिखलात! गोल झाला की दोन्ही बाजूंचे रेडे एकमेकांच्या अंगावर पडणार, त्यांचा ढीग होणार, खाली कोणीतरी गुदमरत खिदळणार. आणि हा बिचारा एकटाच बॉल आणायला भिंतीपाशी जाणार. शिंप्याला त्या ढिगाचा भयंकर हेवा वाटायचा.

आज पाऊस नुसता कोसळत होता. बसड्रायव्हर घसरत होता, बेकरीवाला त्याच्या पायात पडत होता, पण मैदान सोडायचं नाव कोणी घेत नव्हतं. तेवढ्यात कुंपणापाशी एक छत्री आली. छत्रीखाली टम्म सुजलेला गाल होता.

"डॉक्टर, केव्हाचा बसलोय दवाखान्यात!"

"आलोच, पाच मिनिटं," दातांचा डॉक्टर बॉलमागे धावत ओरडला.

शिंप्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "पाच मिनिटं काय, नालायका! त्या माणसाचा गाल बघ. काही माणुसकी आहे की नाही?"

"माझी पँट महिनाभर लटकवलीस, तेव्हा कुठे गेली होती तुझी माणुसकी?"

"पँट ठणकत नाही!"

"ठणकतंय हो फार," छत्री कळवळली.

डॉक्टरने पेशंटकडे पाहिलं, मग गोलकडे पाहिलं. एकीकडे पोटापाण्याचा धंदा आणि दुसरीकडे ती भिकार जागा. "बरं, एक गोल होऊ दे, लगेच निघतो," तो म्हणाला.

एवढंच ना? बेकरीवाल्याने बॉल मारला. मारला कसला, लोटला. तो रखडत, चिखलात थांबत थांबत आला आणि शिंप्याने अदबीने पाय फाकवून त्याला वाट करून दिली.

"गोऽऽल!" ड्रायव्हर डॉक्टरवर पडला, बेकरीवाला ड्रायव्हरवर पडला. शिंपी सवयीने बॉल आणायला वळला आणि मध्येच थबकला. गोलकीपरने ढिगात पडू नये, असं कुठल्या गाढवाने ठरवलं होतं? कोणीच नाही! वर्षभर ही साधी गोष्ट आपल्या टाळक्यात शिरली नाही, म्हणून त्याने स्वतःला एक सणसणीत शिवी घातली, आरोळी ठोकली आणि धावत येऊन सगळ्यांच्या वर अंग टाकून दिलं. नाकातोंडात चिखल गेला. कोणाचं तरी कोपर बरगडीत बसलं. काय सुख होतं ते!

"अरे, ऊठ!" तळातून डॉक्टर बोंबलला. "मी निघालोय, गाढवा! तू सुटलास!"

"निघशील रे," शिंपी म्हणाला, आणि वर आणखी ऐसपैस पसरला.