शेडाखाली गेलेली हद्द

मी एक दगड बोलतोय, आणि अंधारातून बोलतोय. माझ्या पाठीवर चार बोटं सिमेंट आहे, त्यावर फवारणीचा पंप, पाइपांची भेंडोळी आणि खताच्या गोण्या. पोटाखाली मुरूम ठोकून बसवलेला. हलायची सोय नाही. दगडाला कुठं हलायचं असतं, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंच आहे. पण मी शेडाच्या पायातला दगड नव्हे. मी हद्दीचा दगड आहे.

तळेघरच्या वरच्या अंगाला सोमाजी आणि जानकू या भावांच्या वावरांमध्ये त्यांच्या बापानं मला रोवलं. म्हाताऱ्यानं छिन्नीनं माझ्या कडेला बोटभर खाच पाडली आणि पोरांना म्हणाला, "ह्याच्या अलीकडं सोमाजी, पलीकडं जानकू. आता भांडायचं नाय."

ते भांडले नाहीत. दर आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघं चुन्याचं डबडं घेऊन यायचे. सोमाजी आपल्या बाजूनं चुना फासायचा, जानकू आपल्या बाजूनं. मग माझ्याच डोक्यावर डबडं ठेवून तंबाखू मळत बसायचे. लांबून येणाऱ्याला आधी मी दिसायचो, मग घर. मला त्याचा गर्व होता, सांगायला लाज कसली.

गेल्या चैत्रात जानकू गेला. आखितीला सोमाजी डबडं घेऊन आला, माझ्यापाशी बसला आणि तसाच उठला. कोंडाबाईनं, त्याच्या बायकोनं, विचारलं तर म्हणाला, "त्याच्या बाजूचा चुना मी कसा लावू? आन् निम्मा दगूड रंगवून काय करू?" आदल्या वर्षीचा चुना पावसानं केव्हाच धुतला होता. मी काळाच राहिलो.

वैशाखात सोमाजी लेकीकडे, सोनलकडे, मढला राहायला गेला. त्याच वेळी त्याचा मुलगा ज्ञानेश्वर आठ दिवसांची रजा काढून घरी आला. पोरगा शाळेपासून बाहेरगावी, आता कंपनीत. आईच्या परसबागेला शेड बांधून द्यायचं त्याच्या मनात होतं. खुरपी, पंप, छोटा टिलर, सगळं तिच्या स्वयंपाकघरात पडलेलं असायचं.

पाया कसला करावा, यावरच दोन दिवस गेले. ज्ञानेश्वरनं मोबाइलवर व्हिडिओ बघून ठरवलं की नुसते सिमेंटचे ब्लॉक अंथरायचे. सुभाष गवंडी हसला. "राव, हितला पाऊस इसरलास का? आषाढात तुजे ब्लॉक वड्याला जात्याल." लाकडी फळ्या घालाव्यात तर वाळवी. शेवटी मुरूम लागेपर्यंत खोदायचं, दगड भरायचे, वर कोबा करायचा आणि जोतं दीड फूट उचलायचं, असं ठरलं. शहाणपणाचा निर्णय होता. मीही मनातल्या मनात मान डोलावली. तेवढ्यात सुभाष म्हणाला, "उताराच्या कोपऱ्याला एक दणकट धोंडा लागंल. भार समदा तिथं येतो." आणि दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

ज्ञानेश्वरच्या आठवणीतला हद्दीचा दगड पांढराशुभ्र होता. तो गवतात कुठंतरी पुढं असेल, अशी त्याची समजूत. सांगणारं कोणी नव्हतं. कोंडाबाई चुलीपाशी होती आणि जानकूची बायको कुशाबाई दुःखामुळे अजून घराबाहेर पडत नव्हती. पहार बसली, मी उपटला गेलो. माझ्या खड्ड्यात त्यांनी उरलेला मुरूम लोटला. मग पोरानं हौसेनं टिलर फिरवला आणि मोडका बांध सरळ केला, पण सरळ करताना तो दोन पावलं पलीकडं, चुलतीच्या वावरात सरकला. रजा संपली आणि पोरगा कंपनीला परत गेला.

मृगात कुशाबाई पेरायला बाहेर पडली आणि थबकली. वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन पावलांचा पट्टा म्हणजे तिची चार महिन्यांची भाकरी. मढहून परतलेल्या सोमाजीला ती म्हणाली, "भावजी, माजी दोन पावलं गेली. दगूडबी दिसत नाय."

त्याच आठवड्यात कोंडाबाई जोतं सारवत होती. माझी एक कड तेवढी बाहेर उघडी होती. तिचं बोट खाचेत गेलं. सासऱ्यानं पाडलेली खाच तिनं ओळखली. हा कोपरा फोडला तर पोरानं रजा घालवून उभं केलेलं शेड खचणार, वर पाऊस तोंडावर. तिनं इकडं तिकडं पाहिलं, शेणमातीचा गोळा घेतला आणि खाच बुजवली.

"पोराचं जोतं हाय तुज्यावर," ती हळूच म्हणाली. "गप ऱ्हा."

प्रकरण वाडीपुढं गेलं. जाणत्या भरतनं निवाडा दिला: "सोमाजी, तू थोरला. मातीचं ढेकूळ हातात धर आन् हद्द चालून दाखव." हातात माती असली की माणूस खोटं चालत नाही, अशी आमच्या वाडीची समजूत. सोमाजी खोटं चाललाच नाही. त्याची नजर अधू, मी जागेवर नाही, जुना बांध नाही. पायाला नवा बांध लागला आणि तो त्याच्या कडेनं चालत गेला, डोळ्यांत पाणी आणून, भावाचं नाव घेत. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. दगडाचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

कुशाबाई म्हणाली, "भावजी चालले ती हद्द. ह्यांनी कदी त्यांच्यावर शंका घेतली नाय, मी का घेऊ?" कोंडाबाई पदर तोंडाशी धरून घरात गेली.

बाबांनो, तुम्हीही शेडं बांधाल. पाया पक्का करा, उतार बघा, सगळं करा. पण बांधावरचा धोंडा उचलण्याआधी घरातल्या म्हाताऱ्याला एकदा विचारा. आणि इकडं कधी आलात तर या कोपऱ्याची माती नखानं खरवडा. मी सापडलो तर कोणी मुरमानं भरलेला माझा खड्डाही शोधेल, आणि खरी हद्द उघडी पडेल.

आता सुगी संपली आहे. दुपारी कुशाबाई जावेकडे येते आणि नेमकी माझ्या डोक्यावर, जोत्याच्या कोपऱ्यावर टेकते. "आक्का," ती म्हणते, "दगूड घावला आसता तर जीव थंड झाला आसता. पीठबी संपत आलंय." कोंडाबाई खाली मान घालून तिच्या ताटात नाचणीची आणखी एक भाकरी वाढते. ती नाचणी त्याच दोन पावलांत पिकलेली आहे.