ग्राहकाची रिकामी खुर्ची

मी एक निळी, चाकांवर फिरणारी खुर्ची. माणसं खुर्चीसाठी जीव टाकतात, भाऊ भावाला ओळखत नाही, असं मी ऐकून आहे. माझ्या बाबतीत उलटंच झालं. कित्येक वर्षं माझ्यावर बसायची कोणाची छातीच झाली नाही.

जन्म माझा मिशिगनचा. पहिल्यांदा मला विकत घेतलं ते लोकांच्या कुत्र्यांना फिरवायला माणसं पाठवणाऱ्या एका कंपनीनं. कुत्री फिरली, कंपनी बुडाली. लिलावात पिट्सबर्गच्या या कंपनीनं मला उचललं. आमच्या जातीत म्हणतातच, कंपन्या येतात नि जातात, खुर्च्या राहतात.

इथं औषधांची बोलकी डबी बनत होती. गोळीची वेळ झाली की डबी आठवण करून देणार. मालक वेंडेल, साठीचा, केस पांढरे नि बूट धावायचे. तो कुठल्याशा परिषदेत ऐकून आला की प्रत्येक बैठकीत एक खुर्ची ग्राहकासाठी रिकामी ठेवावी, म्हणजे त्याचा विसर पडत नाही. माझं कापड सगळ्यांत कमी मळलेलं होतं, म्हणून नेमणूक माझी झाली.

त्या दिवसापासून माझी देवी झाली. माझ्यावर बसायचं नाही, कोट टांगायचा नाही. विक्री सांभाळणाऱ्या ब्रॅडीनं एकदा चुकून पिशवी ठेवली, तर वेंडेलनं असं पाहिलं की त्यानं ती तान्ह्या बाळासारखी अलगद उचलून घेतली.

आणि देवी म्हटल्यावर अंगात येणं आलंच. बैठक सुरू झाली की कोणा ना कोणाच्या अंगात ग्राहक यायचा. वेंडेल माझ्याकडे बघून डोळे अर्धे मिटायचा नि म्हणायचा, ग्राहकाला सकाळी हवामान ऐकायचं असतं. ब्रॅडीच्या अंगातल्या ग्राहकाला विनोद आवडायचे. असं करत करत डबी हवामान शिकली, विनोद शिकली, रविवारच्या सामन्याचा निकाल सांगू लागली. गोळीचं नाव सगळ्यांत शेवटी यायचं, तोवर ऐकणाऱ्याला पुन्हा झोप लागावी.

क्लॉडियाला याचा संताप यायचा. डबीचं काम तिच्याकडे होतं. वय लहान, जीभ धारदार. ती टेबलावर हात आपटून सांगायची की ग्राहकाला यातलं काहीएक नकोय. त्याला हवंय एक मोठं बटण आणि मोठा आवाज. म्हातारी माणसं विसरतात, विषय संपला. ही पोरगी मला फार आवडायची. पण खरं सांगू? ग्राहक तिच्याही अंगात येत होता. फक्त जरा जास्त जोरात.

डबी नाताळाच्या आधी दुकानांत गेली नाही, तर वेंडेल ते काम कायमचं बंद करणार होता. क्लॉडियाची दोन वर्षांची मेहनत कचऱ्यात जाणार होती. डबी विनोदांची की मोठ्या बटणाची, याचा निकाल सप्टेंबरातल्या बैठकीत लागायचा होता. तेव्हा तिनं जाहीर केलं की बैठकीला ती एक ग्राहकच घेऊन येणार आहे. देवळातला देव चहाला येतोय म्हटल्यावर पुजाऱ्यांचे चेहरे होतील, तसे सगळ्यांचे झाले.

तिनं आपल्या आत्याला आणलं. स्टाशा आत्या, ऐंशी ओलांडलेली, निवृत्त मुख्याध्यापिका. महिनाभर डबी तिच्या घरी होती. हातात काठी नि कॉफीचा पेला घेऊन ती आत आली, मी एकटीच रिकामी दिसले आणि ती सरळ माझ्यावर बसली. माझ्या स्प्रिंगा करकरल्या. माणसाचं वजन मी विसरूनच गेले होते.

वेंडेल अर्धवट उठला. "अहो, ती ग्राहकाची खुर्ची आहे."

"मग मी कोण?" आत्या म्हणाली. "आमच्या गल्लीत गाडीपुरता बर्फ काढून झाला की त्या जागी रिकामी खुर्ची ठेवतात. ती दुसऱ्या कुणी तिथं गाडी लावू नये म्हणून असते. तुमचीही तसलीच दिसते."

क्लॉडियाला गुदगुल्या झाल्या. "आत्या, यांना सांग ना, विनोद नकोत म्हणून."

"विनोद बरे होते गं. एक तर मी चर्चमध्ये सांगितला."

ब्रॅडीची छाती फुगली. वेंडेलनं खूश होऊन विचारलं, डबी घरात कुठं ठेवलीय.

"बाथरूममध्ये. टॉवेलांच्या खाली."

मग तिनं सगळं सांगितलं. गुरुवारी बायका पत्ते खेळायला आल्या होत्या नि ऐन डावात डबी गरजली, लघवीची गोळी घ्यायची राहिली आहे. त्यांतली हेलन अजून भेटली की विचारते, काय गं, जाऊन आलीस का.

"पण आवाज नसला तर तू विसरशील," क्लॉडिया म्हणाली.

"विसरतंय कोण? मी टाळते. ती गोळी घेतली की बाथरूमपासून लांब जाता येत नाही. बसनं कुठं जायचं असलं की घरी परत आल्यावर घेते."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू विचारलंस कधी? आजसुद्धा गाडीत सारखी मलाच शिकवत होतीस, आत्या असं सांग, आत्या तसं सांग. तूच बोलणार होतीस, तर मला कशाला आणलंस?"

क्लॉडियाचे कान लाल झाले. वेंडेल हसू लागला, तशी आत्या त्याच्याकडे वळली. "तू हसू नकोस, बाळा. पाऊस बघायला मला खिडकी आहे." हे सांगताना तिनं हात असा उडवला की अर्धी कॉफी माझ्या मांडीवर.

कॉफी पुसायचं कोणाला सुचलं नाही. क्लॉडिया उठली, फळ्यावर स्वतःच लिहिलेलं 'मोठं बटण' तिनं हातानंच पुसलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडून प्रश्न निघाला. "आत्या, मग काय असलं तर तू ती टॉवेलाखालून काढशील?"

"नुसता दिवा लागू दे. आणि 'नंतर घेते' म्हणायची सोय असू दे. का म्हणून कुणी विचारायचं नाही."

वेंडेलनं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. पण माझ्यात आता माणूस बसला होता. त्याला आत्याच्या डोळ्यांतच बघावं लागलं. "आणि विनोद?" त्यानं हळूच विचारलं.

"मी मागितला तर सांगा."

डबी नाताळाच्या आधी दुकानांत गेली. दिवा लावणारी, गप्प राहणारी, 'नंतर' ऐकून घेणारी.

माझी मात्र गादी गेली. डागाळलेली खुर्ची ग्राहकाला शोभत नाही, असं ठरवून वेंडेलनं नवी पांढरीशुभ्र आणली. ती बिचारी आत टेबलाशी रिकामी उभी असते, नि सगळे तिच्याकडे बघून बोलतात.

मला क्लॉडियानं ढकलत आपल्या कोपऱ्यात नेलं. तिथं दर आठवड्याला डबी वापरणारं कोणी ना कोणी येऊन माझ्यावर बसतं. कोणी चुळबुळतं, कोणी रागावतं, एका आजोबांनी तर रेलून रेलून माझा डावा हात ढिला केला. क्लॉडिया अजून तशीच तापट आहे. अधूनमधून "ग्राहकाला काय हवं असतं ते" अशी सुरुवात करते, मग तिची नजर माझ्या डागावर जाते नि ती तोंड मिटते.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. हा डाग घासायला कोणी साबण आणू नका. आणि जमलं तर, त्या आतल्या पांढरीवरही कोणीतरी बसा नि थोडी कॉफी सांडा.