गादीवरचा आवाज

कोळवणच्या जयवंतबुवांचं कीर्तन मी आजोळी जायची तेव्हापासून ऐकत आले. पुढे वकील झाले, तीही तंत्रज्ञान, माध्यमं आणि बौद्धिक संपदा अशा लांबलचक नावाच्या कायद्याची. म्हणजे गाणं कुणाचं, ॲपचं नाव कुणाचं, सिनेमाची गोष्ट कुणी उचलली, असली भांडणं. सूसहून शिवाजीनगरच्या कोर्टात जाताना गाडीत मात्र बुवांचीच जुनी रेकॉर्डिंग्ज लावते. घशाच्या ऑपरेशनमध्ये बुवांचा आवाज गेला, नुसती खरखर उरली. त्यानंतर ते गादीवर उभे राहिले नाहीत.

एके सकाळी बुवा आणि त्यांच्या मंडळी केशरबाई माझ्या ऑफिसात आले. खुर्चीवर टेकायच्या आत केशरबाईंनी फोन पुढे केला.

ऐकलं आणि माझे हात आपोआप जोडले गेले. तोच आवाज. वरच्या सुरावर पोचला की क्षणभर थांबायचा आणि मग अलगद खाली यायचा, अगदी तस्साच. आणि मग त्याच मायेनं तो म्हणाला, "मायबाप, सुया टोचून घेऊ नका. हे चूर्ण घ्या, साखर मुळापासून जाईल."

जोडलेल्या हातांचं काय करावं ते मला कळेना.

चूर्ण विकणाऱ्या एका कंपनीनं बुवांची कीर्तनं संगणकाला ऐकवून हा आवाज तयार करून घेतला होता. बुवांची थोरली बहीण अनसूयाअक्का कासारसाईला असतात. जाहिरात ऐकून त्यांनी इन्सुलिन सोडलं होतं. आता पाय सुजले होते, चक्कर येत होती. बुवा स्वतः सांगून आले, मुलगा-सून सांगून दमले. पण रोज सकाळी फोनमधले बुवा वेगळंच सांगत, आणि अक्का त्यांचंच ऐकत. तो आवाज बंद झाल्याशिवाय अक्का काही सुई घ्यायच्या नाहीत, असं केशरबाई म्हणाल्या.

मी लगेच दावा लिहायला बसले. प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं : 'सदर आवाज माझा असून ती माझी मालमत्ता आहे.' सही करायला घेतलेलं पेन बुवांनी खाली ठेवलं.

"ताई, हे मला लिवून देता यायचं न्हाई."

गादी नारदाची, असं त्यांनी मला समजावलं. गळ्यात हार पडला की तो उतरेपर्यंत बोलणारा कुणी वेगळाच असतो. माझं काही नाही, हे जन्मभर लोकांना सांगितलं. आता कोर्टात शपथेवर उलटं कसं सांगू?

"घरात बी हेच," केशरबाई म्हणाल्या. "दळण आना म्हनलं का ह्यांचं, माझं काय हाय हितं!"

बुवा हसले, पण पेन काही उचललं नाही. मी कायदा सांगत राहिले, ते मान डोलावत राहिले. शेवटी हात टेकले आणि विचारलं, "बुवा, मग ह्यात तुमचं असं काहीच नाही?"

बुवांनी पेन माझ्याकडे सरकवलं.

"गादीवरनं कायबी इकत नसत्यात. जितं कीर्तन केलं तितलं जेवन बी मी कधी घेतलं न्हाई. त्या आवाजावर इस्वास ठिवून अक्काचं काय बरंवाईट झालं, तर ते माझ्या माथी. तेवढं माझं लिवा."

आजवर माझ्याकडे जो आला तो 'हे माझं' म्हणत आला. आपल्या वाट्याचं फक्त ओझं मागून घेणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. मालमत्तेची वाक्यं खोडली, नुकसानभरपाईही काढली. कलाकाराच्या कलेची विटंबना करून त्याच्या नावाला बट्टा लावता येत नाही, असं एक कलम आहे. मी ते नेहमी दाव्याच्या शेपटाला जोडून द्यायची. ह्या खेपेला ते एकटंच उभं केलं. बुवांनी सही केली.

कोर्टात कंपनीच्या वकिलांनी ह्यालाच धरलं : आवाज ह्यांचा नाही म्हणतात, मग ह्यांची तक्रार कसली? न्यायाधीशांनी बुवांनाच विचारलं. आपल्या खरखरत्या घशातून बुवांनी माझ्या ऑफिसातलंच पुन्हा सांगितलं. ऐकू यावं म्हणून न्यायाधीश पुढे झुकले, टाईप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. एवढ्या हलक्या आवाजासाठी भरलेलं कोर्ट इतकं शांत झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. जाहिरात तात्काळ सगळीकडून काढावी, असा हुकूम झाला.

जाहिरात गेल्याची खात्री झाल्यावर मी दोघांना गाडीत घालून कासारसाईला नेलं. अनसूयाअक्का ओसरीवर फोन मांडीत घेऊन बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

"तुजा गळा गेला तवा देवानं तुजा आवाज माझ्यासाठी फोनात ठिवला हुता, जयवंता. तो बी तुमी काढून घेतला."

आता कुठलं कलम लावणार होते मी?

बुवा पुढे झाले. चपला काढून ओसरीवर चढले, अक्कांसमोर उभे राहिले आणि टाळी वाजवून त्यांनी विठ्ठलाचं नाव उचललं. सूर लागला नाही. दुसऱ्यांदा फाटला. तिसऱ्यांदा वर चढता चढता दम संपला आणि नाव अर्ध्यावरच राहिलं. ते तसेच हात पसरून, अक्कांकडे बघत थांबले. कीर्तनात बुवा थांबतात आणि मागचे टाळकरी उचलून धरतात, तसे.

अक्कांचे ओठ हलले. उरलेलं नाव त्यांनी म्हटलं, कापऱ्या पण स्वच्छ सुरात. बुवांनी पुन्हा सुरू केलं, पुन्हा ते तुटलं, अक्कांनी पुन्हा पुरं केलं. केशरबाई टाळी धरून मागे उभ्या राहिल्या, आणि मीही, काळा कोट अंगात तसाच. मोठमोठ्या मंडपांतली बुवांची कीर्तनं मी ऐकली आहेत. पण त्या ओसरीवर जे भरून आलं, ते तिथे कधी आलं नव्हतं.

भजन थांबल्यावर अक्कांनी पदरानं डोळे पुसले.

"ते फोनातलं माझ्यासाठी कवा थांबलं न्हाई रं," त्या म्हणाल्या. मग आत बघून सुनेला हाक मारली, "किमया, सुई आन गं. मामांसमोरच टोच."