पुढचं दार, मागचं दार

सुधींद्रला विमानतळावर सोडायला आपणही जाणार, तेही बसनं, असं मधुमितानं सकाळी सांगितलं तेव्हा शकुंतलाबाईंचं उलथणं डोशाखालीच थबकलं. तान्ह्या पोरीला घेऊन बसनं? ऑटोला काय झालं? अय्यो, नंजनगूड रोडची धूळ काय, गर्दी काय! मधुमिता म्हणाली, अन्विताला जरा बाहेरचा वारा लागेल. खरं कारण सासूबाईंना सांगण्यासारखं नव्हतं. ऑटो भुर्रकन पोचवतो आणि त्यात ऑटोवाल्याचे कान असतात. बस रमतगमत जाते. तिला तेवढा वेळ हवा होता.

सुधींद्र नोकरीला हैदराबादला. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार यायचा आणि ते दोन दिवस मामांकडे, काकांकडे, बाळाला बघायला येणाऱ्यांच्या कॉफीत विरघळून जायचे. घरात खोल्यांना दारांऐवजी पडदे. रात्री अन्विता दोघांच्या मध्ये, आणि सुधींद्र बोलता बोलता वाक्याच्या अर्ध्यावर झोपी जाणारा. मधुमिताकडे सांगायला एकच गोष्ट होती. ती तिनं फोनवर कितीदा लिहून पुसली होती. अन्विता रडली की मला तिच्याजवळ जावंसं वाटत नाही. जाते. पण वाटत नाही.

वरून पाहणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. बाटल्या उकळलेल्या, लशी वेळेवर, रात्री उठून पोरीचा श्वास चाललाय ना म्हणून नाकाशी धरलेलं बोट. सासूबाई शेजारणीला कौतुकानं सांगत, आमची सून डोळ्यांत तेल घालून बघते हो. ते ऐकलं की मधुमिताला अजूनच एकटं वाटे.

तिनं मनात सगळं रचून ठेवलं होतं. दोघांची सीट, ती खिडकीशी, मांडीवर अन्विता, डावीकडे चामुंडीची टेकडी सरकत असेल, तेव्हा सांगायचं. जन्म गेला हुणसूरच्या बसमधून आईबरोबर पुढे बसण्यात आणि मागे वडिलांची फक्त टोपी शोधण्यात, तरी बसमध्ये बायका पुढे, पुरुष मागे, एवढी साधी गोष्ट ती विसरली. बस स्टँडवर विमानतळावरून पुढे जाणारी कडकोळची बस लागली, लोंढा उसळला, सुधींद्र सवयीनं बॅग घेऊन मागच्या दारानं चढला आणि ती सवयीनं पुढच्या. बायकांना तिकीट माफ झाल्यापासून पुढचा भाग नेहमीच ओसंडून वाहतो. माना, वेण्या, पिशव्या यांच्या पलीकडे तिला सुधींद्रचा दांड्याला धरलेला हात तेवढा दिसत होता. मनगटावर घड्याळ.

ब्रेक लागला तशी ती झोकांडली. सीटवर बसलेल्या, मोगरा माळलेल्या एका बाईनं दोन्ही हात पसरले. "मगु कोडम्मा." मूल दे गं. इथं याला कुणी विचारत नाही आणि आभारही मानत नाही. उभीनं मूल द्यायचं, बसलेलीनं घ्यायचं. मधुमितानं दिलं. घरातून निघाल्यापासून किरकिरणारी अन्विता त्या बाईच्या बांगड्यांशी खेळत गप्प झाली.

मधुमिताचे हात रिकामे झाले. राजवाड्याचा कोपरा गेला, अग्रहार गेलं, रिंग रोड आला. खांद्यातली कळ उतरली आणि तिच्या जागी एक हलकेपणा चढत गेला, लग्नाआधी कॉलेजला जाताना असायचा तसा. आपण कुणाच्याच कुणी नाही, असा. तो हवाहवासा वाटला म्हणूनच तिला त्याची भीती वाटली.

कंडक्टरनं एअरपोर्टचा पुकारा केला. मागून सुधींद्रचा आवाज आला, "मधू, उतर."

ती उतरली.

मागच्या दारानं उतरलेला सुधींद्र बॅग सावरत आला आणि तिच्या हातांकडे पाहतच राहिला. "अन्विता कुठंय?"

शिट्टी वाजलीच होती. त्यानं धावत जाऊन बसच्या पत्र्यावर धडाधडा थापा मारल्या. बस हिसका देऊन थांबली, आत बायकांचा गलका उठला आणि मोगरेवालीनं खिडकीतून अन्विताला त्याच्या हातात दिलं. वर कन्नडमध्ये सुनावलंही, की लेकरू म्हणजे काय छत्री आहे का गं, विसरून उतरायला? अख्खी बस हसली. घाम पुसत सुधींद्रही हसला. बस गेली.

हमरस्त्यापासून टर्मिनलपर्यंत आत चालत जावं लागतं. अन्विताला खांद्यावर घेऊन तो बोलतच होता. आईला सांगू नको हां, तू म्हातारी होईपर्यंत ऐकवेल. दमलीयस तू. दुपारी झोपत जा जरा.

"मी विसरले नव्हते," मधुमिता म्हणाली.

"बरं बाई, नव्हतीस."

"सुधी, ऐक. ती त्या बाईकडे आहे हे मला माहीत होतं. पायरीवर पाय ठेवला तेव्हाही माहीत होतं. तरी उतरले."

तो थांबला. मग ती सगळं बोलली, मनात रचलं होतं त्या क्रमानं नव्हे, कसंही. रडण्याचं, न जावंसं वाटण्याचं, रात्री श्वास बघायला उठते ते प्रेमानं की भीतीनं हेच कळत नाही, त्याचं. ऐकताना तो अन्विताला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत राहिला. मध्येच त्यानं घड्याळ पाहिलं. तिला राग आला नाही. तीही टर्मिनलच्या दाराकडेच बघत बोलत होती.

"पण तू तर किती नीट सांभाळतेस तिला," तो शेवटी म्हणाला.

"सांभाळते."

दाराशी जवानानं त्याचं तिकीट, ओळखपत्र पाहिलं. अन्विताला परत देताना सुधींद्रनं तिला जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. मग तो आत गेला. काचेपलीकडे वळला. तिचा फोन वाजला.

"आज आईच्या खोलीत झोपा दोघी."

"आईंना काय सांगू?"

"मी सांगतो फोन करून."

"काय सांगशील?"

मागून कुणीतरी त्याला पुढे सरकायला सांगितलं. "शुक्रवारी येतो," तो म्हणाला. "रजा मागतो. डॉक्टरकडे जाऊ, दोघं. तोवर तू..." हात हलवून तो दिसेनासा झाला.

ती रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्यावर उभी राहिली. ऊन चढलं होतं. सांगून झालं की मोकळं वाटेल, असं तिला वाटलं होतं. तसं वाटलं नाही. फक्त, आता ते दोघांना माहीत होतं आणि त्यातला एक विमानात बसणार होता. शुक्रवार लांब होता.

शहराकडे परतणारी बस आली, तीही भरलेली. पुढच्या दारानं ती चढली. एका म्हाताऱ्या बाईनं न बोलता हात पसरले. मधुमिता क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं अन्विताला त्या मांडीवर ठेवलं. एका हातानं दांडा धरला आणि दुसऱ्या हातानं अन्विताचं पाऊल, वाळ्यासकट, मुठीत.

म्हातारीनं हसून सांगितलं, सोड गं, मी काही पडू देत नाही.

मधुमितानं मान हलवली आणि बस स्टँड येईपर्यंत पाऊल सोडलं नाही.