एकशे अठ्ठ्याहत्तरावा दिवस

ओहायोतल्या आमच्या कारखान्यात मोटारींच्या सीट बनायच्या. सीट ज्या पट्टीवर मागेपुढे सरकते, तिचं वेल्डिंग तपासायचं काम माझं. ठीक असेल तर पिवळा ठिपका द्यायचा. त्या मार्चमध्ये टाके कच्चे येऊ लागले. पान्याने हलकं ठोकलं तरी सुटायचे. मोटार धडकली तर माणूस सीटसकट काचेवर जाणार. फोरमन ग्लीसनला दाखवलं, तर तो म्हणाला, यंत्र रविवारी दुरुस्त होईल, तोवर ठिपके देत जा. मी दिले नाहीत. वरच्या साहेबाला जाऊन सांगितलं. आठ दिवसांत मला काढून टाकलं. म्हणे, माझा हात मंदावलाय.

युनियनने माझी बाजू घेऊन कंपनीशी वाद सुरू केला. आमच्याकडे माणूस असं युनियनवर सोपवतो आणि निर्धास्त होतो. पण आमची प्रतिनिधी वांडा पहिल्याच आठवड्यात बजावून गेली होती. गाडीतला दोष सांगितला म्हणून कुणाला काढता येत नाही, तसा कायदा आहे. पण काढल्यापासून एकशे ऐंशी दिवसांत सरकारच्या कामगार खात्याकडे तक्रार जायला हवी. युनियनचा वाद चालू आहे म्हणून ते दिवस थांबत नाहीत. तिने तक्रारीचा एक कागद भरून पाठवायला दिला. मी तो घडी करून पावाच्या डब्यामागे ठेवून दिला.

मला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात आलेला कागद माझी बायको लोरेटा वाचायची, आणि तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. कारखान्यात कुणाला हे ठाऊक नव्हतं. ठिपका द्यायला अक्षर लागत नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस एका दुपारी वांडा दारात उभी राहिली. मी घेवडा शिजवत होतो.

"हार्लन, आज एकशे अठ्ठ्याहत्तरावा दिवस. कागद पाठवलास ना?"

"चष्मा तुटलाय."

"सहा महिने तुटलेलाच आहे?"

मी भांडं ढवळत राहिलो. मग तिच्याकडे न बघताच म्हणालो, "वांडा, मला लिहिता येत नाही."

ती हसली नाही. खुर्ची ओढून बसली. "तोंड आहे ना, म्हातारबा? ग्लीसनला शिव्या घालताना तर चांगलं चालतं." तक्रार लिहूनच द्यावी असं कायद्यात नाही, फोनवर सांगितली तरी चालते, असं म्हणत तिने नंबर फिरवला आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडे एक बाई होत्या. त्यांनी विचारलं तसं मी सगळं सांगत गेलो. त्यांनी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं: काही सीटमध्ये दोष आढळला.

"काही नाही, बाई. एका पाळीत सोळा. आणि आढळला नाही, मी दाखवला."

त्यांनी दुरुस्त केलं. आजचीच तारीख पडली का, ते मी दोनदा विचारलं. पडली होती.

चौकशी वर्षभर चालली. शेवटी कंपनीने मला त्याच जागेवर परत घेतलं. पहिल्या दिवशी ग्लीसन माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मी तीन सीट बाजूला काढून ठेवल्या. तो आला, काही न विचारता त्या ढकलगाडीवर चढवल्या आणि दुरुस्तीला घेऊन गेला.