पाटलाले सगळं समजते

अकोल्याच्या कचेरीत इंग्रज साहेबानं आसपासच्या गावांचे पाटील बोलावले होते. विचारायचं एवढंच होतं, की कचेरीचे हुकूम आजवर चालत आले तसे फारसीत राहू द्यायचे, की मराठीत करायचे. खुशालराव पाटलाकडे उत्तर तयार होतं. बार्शीटाकळीकडून बैलबंडी निघाल्यापासून गावची मनकर्णा माळीण त्याच्याकडून ते घोकून घेत होती.

"मराठीत पायजे म्हना, पाटील. अन् आजपासून पायजे म्हना. माहा हुकूम आजच वाचतीन."

तिचा नवरा देवीदास अंगावरून वारं जाऊन घरी पडला होता. कापसाला सोन्याचा भाव आल्यापासून शेजारच्या उत्तमरावानं आपला धुरा, म्हणजे शेताचा बांध, हळूहळू तिच्या मळ्यात सरकवत आणला होता. धुऱ्याची खूण बाभळीपाशी धरली तर विहीर मनकर्णाची, कडुलिंबापाशी धरली तर उत्तमरावाची. विहीर गेली की वांगी, मेथी, सगळं संपलं. निकाल लागला होता, तो आज वाचून दाखवायचा होता. त्याखाली 'ऐकलं, कबूल' म्हणून निशाणी केली की अकोल्यातलं काम मिटलं. कबूल नसेल तर तिथल्या तिथं तसं सांगायचं.

बंडीत शेजारच्या गावचे नत्थुजी पाटीलही होते. ते म्हणाले, "फारसीत लिवलं तं मुनशी खाते, मराठीत लिवलं तं पुन्याचा कारकून खाईन. आपन नुसते उपाशी बसून आयकून राहिलो."

"आयकू तं येईन ना बापा," मनकर्णा म्हणाली. "कोन खाऊन राहिला ते तरी समजन."

कचेरीत पहिले नत्थुजी उठले. "आमाले फारसी समजत नाई जी. मले तं वाटते..."

साहेबाच्या बाजूला पुण्याकडचा एक नवा कारकून उभा होता. त्यानं उपरण्याचं टोक तोंडाशी नेलं. "मले, तुले!" तो शेजाऱ्याला म्हणाला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अहो, यांना मराठी तरी कुठं येते? आधी ती शिकवावी लागेल." अमरावतीचे दोन कापूस-व्यापारी हसले. नत्थुजींचं वाक्य अर्धंच राहिलं. ते खाली बसले.

मग साहेबानं खुशालरावाकडे पाहिलं. खुशालरावानं नवी पगडी बांधली होती. सांगायचं ते वाक्य तोंडाशी होतं, पण ते 'आमाले'नं सुरू होत होतं. तो उभा राहिला आणि स्वतःचाच आवाज त्याच्या कानावर आला:

"हुजूर, हमकू सब समजता है. फारसी चलती है, चलने दो. कुछ तकलीफ नही."

हाकिमापुढे एका पाटलाचा शब्द दुसऱ्यानं खोडायचा नाही, ही तिकडची रीत. भांडायचं ते परतीच्या वाटेवर, बंडीत. नत्थुजींचं म्हणणं अर्धंच राहिलं होतं, पुरा शब्द खुशालरावाचाच पडला होता. त्यामुळे मागून एकामागून एक "जी हुजूर, जी हुजूर" आलं. साहेबानं मान हलवली आणि लिहून घेतलं. नत्थुजींनी खुशालरावाकडे एकदा पाहिलं, मग आपल्या जोड्यांकडे.

मनकर्णा बाहेर आवारात होती, तिला यातलं काही कळलं नाही. थोड्या वेळानं तिचा पुकारा झाला. खुशालराव तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. म्हाताऱ्या मुनशीनं फारसी हुकूम वाचला. त्यातली देवीदास आणि उत्तमराव एवढी दोन नावं खुशालरावाला कळली. वाचून झाल्यावर मुनशीनं चष्मा वर केला.

"पाटीलसाब, बाई को मैं समझा दूँ, या आप?"

"पाटलांना सगळं समजतं," पुण्याकडचा कारकून म्हणाला. "आत्ताच साहेबांना सांगितलं त्यांनी."

"मैं बोल देता," खुशालराव म्हणाला.

"काय म्हनते, पाटील?" मनकर्णानं विचारलं. "लिंब का बाभूय?"

त्यानं मुनशीच्या चेहऱ्यावर काही दिसतं का पाहिलं. काही दिसलं नाही. धुरा बाभळीचाच, हे गावातलं पोरगंही सांगेल. कचेरी दुसरं काय म्हणणार?

"बाभूय," तो म्हणाला. "कर निशानी."

पुरुषांची निशाणी नांगर, बायकांची बांगडी. मनकर्णानं लेखणी मुठीत धरली आणि कागदावर बांगडी काढली, सावकाश, दोन टोकं नीट जुळेपर्यंत.

फाटकापाशी उत्तमराव भेटला. तो खुशीत होता. "कबूल केलं म्हने, मनकर्णाबाई? लय बरं केलं. भांडन मिटलं. भाजीले पानी लागलं तं सांगत जा, माह्या हिरीवरून सोडत जाईन."

मनकर्णा थांबली. "कोनाची हीर?" तिनं त्याला विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता खुशालरावाकडे वळली. आपण काय केलं ते खुशालरावाला तिच्या त्या बघण्यातच कळलं.

तो परत आत गेला. कचेरी भरलेली होती. व्यापारी होते, कारकून होता, नत्थुजीही होते.

"मुनशीजी," तो म्हणाला, "मले समजलं नाई. तवाबी काईच नाई समजलं."

कारकून या वेळी हसला नाही. हसला असता तर बरं, असं खुशालरावाला वाटलं. मुनशीनं कागद पुन्हा काढला आणि साध्या हिंदुस्थानीत सांगितलं. धुरा कडुलिंबापासून. निशाणी झाली, ती इथं पुसता येणार नाही. अमरावतीला मोठ्या साहेबाकडे जावं लागेल. तिथं बाईला चुकीचं सांगितलं गेलं हे दाखवावं लागेल, आणि ते कुणी सांगितलं हेही.

मनकर्णा दारात उभी राहून ऐकत होती. बोटाला लागलेली शाई ती अंगठ्यानं पुसत होती. पुसताना ती अंगठ्यालाही लागली.

"मी येईन अमरावतीले," खुशालराव तिला म्हणाला. "मी सांगन."

"कोन्त्या बोलीत सांगसान?"

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच ते जाणून घ्यायचं होतं.

"माह्याच," तो म्हणाला, पण इतक्या हळू, की तिला पुन्हा विचारावं लागलं.